गुन्ह्याच्या बातमीतला दत्तक माणूस : प्रस्तावना

‘पोटच्या मुलाने केला आईचा खून’ आणि ‘दत्तक मुलाने केला आईचा खून’ अशा दोन्ही तऱ्हांचे मथळे मराठी वृत्तपत्रांत येतात. गुन्हा तोच, कलम तेच, शिक्षाही तीच. तरी वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. ‘पोटच्या’ हा शब्द वाचकाला हादरवतो. जे घडू नये ते घडले, असा त्यात आकांत असतो. ‘दत्तक’ या शब्दाने वाचक हादरत नाही. त्याला उलट उत्तर मिळाल्यासारखे वाटते. ‘शेवटी परक्याचंच रक्त’ असे मनाशी म्हणून तो पान उलटतो. बातमीदाराने असे काहीच लिहिलेले नसते. त्याने फक्त आरोपीचे नाते सांगितलेले असते. पण माहिती म्हणून छापलेला हा शब्द कारण म्हणून वाचला जातो, आणि त्या कारणाला बातमीत कुठेही पुरावा नसतो. या पुस्तकातले सगळे लेख याच एका जागेभोवती फिरतात.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, यांच्यामार्फत २०२४-२५ या वर्षात देशात साडेचार हजारांवर मुले दत्तक गेली. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खाली नात्यागोत्यात होणारी दत्तकविधाने यात धरलेली नाहीत. वर्षानुवर्षे अशी मुले घराघरांत वाढली, शिकली, नोकरीधंद्याला लागली, आईबाप झाली. ती सकाळी वृत्तपत्र उघडतात. त्यांची मुलेही उघडतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या नात्याबद्दल काही संदिग्ध राहिलेले नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ६३ सांगते की, दत्तक आदेशाच्या दिवसापासून ते मूल त्या आईवडिलांच्या पोटी जन्मल्याप्रमाणेच सर्व बाबतींत त्यांचे होते. कायद्याने मिटवलेला फरक गुन्ह्याच्या बातमीत मात्र पुन्हा उभा राहतो, आणि तोही माणूस सर्वांत असहाय असतो अशा वेळी.

महाराष्ट्राला दत्तकाची ओळख नवी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. त्यांच्या चरित्रांत दत्तकाचा उल्लेख मानाने येतो. त्यांच्या एखाद्या निर्णयाचे मूळ ‘दत्तक असण्यात’ कुणी शोधत बसत नाही. याचे एक कारण आपण नीट पाहायला हवे. ती मुले भाऊबंदांतून, जाणत्या कुळांतून निवडून आणलेली होती. त्यांचे आईबाप कोण, हे साऱ्या दरबाराला माहीत होते. म्हणजे आपल्या समाजाला दत्तकाचे वावडे कधीच नव्हते. त्याला भीती वाटत आली ती अज्ञात जन्माची. शिशुगृहातून घरी आलेल्या मुलाचा जन्म बहुधा अज्ञात असतो, आणि आजची गुन्ह्याची बातमी नेमकी त्या अज्ञातावर बोट ठेवते.

त्या भीतीला सर्वांत आधी कृतीने उत्तर दिले ते जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तिथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. तिथे जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने स्वतःचा मुलगा केले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या तेव्हा त्यांच्या बरोबर उभा होता. विधवेचे मूल, बाप अज्ञात, जन्म लपवलेला: आजच्या क्राइम बीटच्या भाषेत ‘पार्श्वभूमी’ म्हणून जे काही लिहिले जाते, ते सगळे त्याच्या जन्मात होते. त्या पार्श्वभूमीतून यशवंत घडला.

वृत्तपत्राशी दत्तक माणसाचा संबंध फार लवकर येतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अनेकांचा पहिला छापील उल्लेख गुन्ह्याच्या पानावरच असतो. ‘मंदिराच्या पायरीवर अर्भक सापडले’, ‘निर्दयी मातेविरुद्ध गुन्हा’, ‘झुडपात टाकून पलायन’. बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३१७ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे, म्हणून अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंद होते आणि बातमी पोलीस ठाण्यातून येते. मग बालकल्याण समितीपुढे मूल हजर होते. जन्मदात्यांचा शोध लागावा म्हणून वृत्तपत्रात त्याचा फोटो आणि तपशील प्रसिद्ध करावा लागतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने, एवढ्या मुदतीत ते मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे की नाही याचा निर्णय व्हायचा असतो.

हेच मूल मोठे झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेऊ शकते. दत्तक नियमावलीत तशी तरतूद आहे. पुष्कळदा दत्तकाच्या फाइलीत हाती लागणारा सर्वांत जुना कागद म्हणजे त्या बातमीचे कात्रण. दुसऱ्यांना आजीने सांगितलेली बाळंतपणाची हकिकत असते. यांना चार ओळींची बातमी असते. ती लिहिणाऱ्याला डेडलाइन होती, जागा भरायची होती, हे खरे. पण वीस-पंचवीस वर्षांनी ती कोण वाचणार आहे, याची त्याला जाणीव असती तर ‘निर्दयी’ हे विशेषण त्याने कुठल्या आधारावर लावले असते? ती आई कोण होती, कुणाच्या धाकात होती, ते मूल तिनेच ठेवले की तिच्याकडून हिरावून कुणी नेऊन ठेवले, यातले त्या सकाळी पोलिसांनाही ठाऊक नव्हते. मूल समितीकडे सोपवण्याचा कायदेशीर मार्ग बालन्याय अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये आहे आणि निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदतही आहे. ही गोष्ट त्याच चार ओळींत पाचवी ओळ होऊन आली असती, तर कदाचित पुढचे एखादे बाळ झुडपात सापडले नसते.

मोठ्या वयाच्या आरोपीच्या बातमीत ‘दत्तक’ शब्द कसा शिरतो, हेही पाहिले पाहिजे. तो बहुधा दुष्टपणाने येत नाही. घटना घडते, पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. शेजारी जे सर्वांत वेगळे असेल ते आधी सांगतात, ‘तो त्यांचा स्वतःचा नव्हता’. ते हवालदाराच्या तोंडून बातमीदारापर्यंत जाते. बातमीदार दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ते नोंदवतो. रात्री उपसंपादकाला मथळा हवा असतो. मथळ्यात नाते हवे, थोडे वेगळेपण हवे, आणि अक्षरे मोजकी बसायला हवीत. ‘दत्तक’ ही तीन अक्षरे त्या चौकटीत बरोबर बसतात. वाहिनीवर तोच शब्द लाल पट्टीत फिरतो आणि त्याला ‘उपकाराची परतफेड’, ‘अस्तनीतला निखारा’ अशी शेपटे जोडली जातात. या साखळीत कुणीही हे कायदेशीर दत्तक होते का, हे तपासलेले नसते. घरी ठेवून घेतलेला भाचा, मानलेला मुलगा, कामाला आणलेली मुलगी, हे सगळे ‘दत्तक’ होऊन छापले जातात.

उपकार ही कल्पना इथे सर्वांत जास्त नुकसान करते. जन्मलेल्या मुलाने आईबापांशी भांडण केले तर तो उद्धट ठरतो. दत्तक मुलाने केले तर कृतघ्न. मूल घरात आणणे हे दान होते आणि त्याची परतफेड त्याने जन्मभर करायची आहे, असे ती बातमी न बोलता गृहीत धरते. शिशुगृहात नाव नोंदवून वर्षानुवर्षे प्रतीक्षा केलेल्या कोणत्याही आईला विचारा. तिने मूल मागितले होते, पुण्य नव्हे.

रक्तावर बोट ठेवण्याची ही सवय आपल्यापुरती नाही. अमेरिकेत विल्यम मार्च यांची ‘द बॅड सीड’ ही कादंबरी १९५४ मध्ये आली. खून करणाऱ्या लहान मुलीचा दुष्टपणा तिच्या आईच्या जन्मदात्रीकडून उतरला, आणि ती आई दत्तक होती, असे तिचे सूत्र आहे. नाटक आणि सिनेमा होऊन ते सूत्र घरोघर पोहोचले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झ पकडला गेला. सहा खून करणारा हा माणूस दत्तक होता, आणि त्याच्या गुन्ह्यांचा अर्थ लावताना त्याचे दत्तक असणे पुनःपुन्हा पुढे केले गेले. १९७० या एकाच वर्षात अमेरिकेत सुमारे पावणेदोन लाख दत्तकविधाने झाली होती. त्या लाखो मुलांनी पुढे काय केले, याची बातमी होण्याचे कारणच नव्हते. लाखांतला एक तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

त्याच सुमारास, १९७८ मध्ये, डेव्हिड कर्शनर या मानसशास्त्रज्ञाने ‘अॅडॉप्टेड चाइल्ड सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. उपचारासाठी आलेल्या मुलांमध्ये त्याला जे दिसले, त्यावरून ती आली होती. उपचारासाठी न आलेली मुले अर्थातच त्याच्यासमोर नव्हती. पुढे खुनाच्या खटल्यांत ती बचाव म्हणून मांडली गेली आणि न्यायालयातून वृत्तपत्रांत उतरली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत तिला कधीच स्थान मिळालेले नाही. आरोपीला वाचवण्यासाठी वकिलाने वापरलेला युक्तिवाद आरोप नसलेल्या लाखो माणसांच्या माथी मारला गेला, असा या संज्ञेचा प्रवास आहे.

‘पण शास्त्र तर रक्ताच्या बाजूने आहे ना?’ असे विचारणाऱ्यांसाठी डेन्मार्कच्या एका अभ्यासाकडे सावकाश पाहू. सर्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १४,४२७ दत्तक व्यक्तींच्या न्यायालयीन नोंदी तपासून मांडल्या. मुलग्यांपुरते पाहिले तर, जन्मदाते किंवा दत्तक पालक यांपैकी कुणालाच शिक्षा झालेली नव्हती अशांपैकी १३.५ टक्क्यांना कधी ना कधी शिक्षा झाली होती. केवळ जन्मदात्यांना शिक्षा झालेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. फरक आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण तो मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरता होता. हिंसक गुन्ह्यांशी असा संबंध आढळला नाही, आणि मथळे बहुधा हिंसेचेच असतात. शिवाय तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा: जन्मदाते गुन्हेगार असलेल्या दर पाच मुलग्यांपैकी चौघांना आयुष्यात एकदाही शिक्षा झाली नाही. ज्या संशोधनाला ‘रक्त बोलते’ याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, त्यातही एवढी माणसे त्या रक्ताला जुमानत नाहीत.

मानसिक आरोग्याच्या अभ्यासांचा सूरही असाच संयत आहे. नेदरलँड्सच्या युफर आणि व्हॅन आयझेंडोर्न यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. दत्तक मुलांत वर्तनाच्या तक्रारी थोड्या अधिक, पण फरक लहान, आणि बहुसंख्य मुले सुस्थित, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र ही मुले समुपदेशनाला बरीच अधिक पाठवली जातात, हेही त्यांना दिसले. याचा एक अर्थ असा की पालक जागरूक असतात आणि मदत घेण्यात त्यांना लाज वाटत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतली उपासमार, स्पर्शाचा अभाव, एका संस्थेतून दुसरीकडे जाणे, याचे व्रण काही मुलांवर राहतात. त्यांना आधार लागतो, संशय नव्हे. आपल्याकडे तर संशयाला आकड्याचाही आधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग विधिसंघर्षग्रस्त बालकांची कौटुंबिक पार्श्वभूमी नोंदवतो: आईवडिलांसोबत राहणारी, पालकांसोबत राहणारी, बेघर. दत्तक असा वेगळा रकानाच त्यात नाही. आणि पकडली गेलेली बहुतेक मुले आईवडिलांसोबतच राहत असतात.

संशय आधी आणि माणूस नंतर, असे झाले की काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात घडले. २००९ मध्ये ‘ऑर्फन’ हा सिनेमा आला. दत्तक घेतलेली लहान मुलगी प्रत्यक्षात मोठी, खुनशी बाई निघते, अशी ती गोष्ट. त्याच्या जाहिरातीतल्या एका वाक्यावर दत्तक कुटुंबांनी आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना ते बदलावे लागले. पुढच्याच वर्षी एका दांपत्याने युक्रेनमध्ये जन्मलेली, वाढ खुंटलेली मुलगी दत्तक घेतली. ती प्रौढ आहे आणि आपल्याला मारू पाहते, असा दावा त्यांनी केला. २०१२ मध्ये न्यायालयाने कागदोपत्री तिचे वय बावीस केले. नंतर ती वेगळ्या घरात एकटी राहिली. २०१९ मध्ये प्रकरण जगभर गाजले तेव्हा बातम्यांनी ‘खऱ्या आयुष्यातली ऑर्फन’ म्हणत सिनेमाचा साचा तिच्यावर बसवला. २०२३ मधल्या डीएनए तपासणीने तिचे वय साधारण बावीस असल्याचे सुचवले. म्हणजे एकटी ठेवली गेली तेव्हा ती खरोखर मूल होती.

आपल्याकडे २०२५ मध्ये एका राज्यात एका बाईचा खून झाला आणि तिने लहानपणापासून वाढवलेल्या अल्पवयीन मुलीवर साथीदारांसह आरोप झाला. राज्य, गाव, नाव मी लिहीत नाही. बालन्याय अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. देशभरच्या मथळ्यांनी त्या मुलीला ‘रस्त्यावरून उचलून आणलेली’ म्हणून ओळख दिली. तीन दिवसांचे बाळ असताना ती कुठे सापडली, हा तिच्या आयुष्यातला तिच्या हाती नसलेला दिवस सर्वांत ठळक अक्षरांत आला. पोलिसांनी सांगितलेले हेतू वेगळे होते. असे हेतू पोटच्या मुलांच्या बातम्यांतही नित्य सापडतात.

मग हा शब्द कधीच लिहू नये का? तसे नाही, आणि हे पुस्तक तशी मागणीही करत नाही. काही गुन्ह्यांत दत्तकविधान हाच बातमीचा कणा असतो. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या रिचर्डसन इथे बिहारमधून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि २०१९ मध्ये तिच्या दत्तक पित्याला जन्मठेप झाली. तिथे प्रश्न विचारणे भागच होते: कुटुंबाची पडताळणी कुणी केली, पाठपुराव्याच्या अहवालांत काय होते, दोन देशांच्या यंत्रणा कुठे चुकल्या. २०१७ मध्येच गुजरातमध्ये केशोदजवळ एका मुलावर हल्ला होऊन तो दगावला. विम्याच्या पैशासाठी त्याला दत्तक घेण्याचा बनाव रचला, असा आरोप झाला. तिथे दत्तक हाच कथित कटाचा भाग. बाळविक्रीच्या टोळ्यांचेही तेच. पण तिथे ‘बेकायदा दत्तक’ असे लिहून विक्रीला सभ्य नाव देण्याऐवजी तिला विक्रीच म्हणावे. बालन्याय अधिनियमाचे कलम ८१ तिला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा मानते. वारसाहक्कासाठी झालेल्या खुनातही नाते सांगावे लागेल. तिथे सोबत हेही सांगावे की, खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता मिळत नाही, आणि हिंदू वारसा कायद्याचे हे कलम २५ जन्मलेल्या आणि दत्तक आलेल्या मुलाला सारखेच लागू आहे.

या उदाहरणांत एक कसोटी दडलेली आहे. ‘दत्तक’ शब्द काढून टाकला तर घटना कळेनाशी होते का? होत असेल तर तो राहावा, आणि का महत्त्वाचा आहे ते बातमीतच स्पष्ट व्हावे. कळत असेल तर तो काढावा. एपी या वृत्तसंस्थेची लेखनसंहिताही हेच सांगते: दत्तक असल्याचा उल्लेख त्याची प्रस्तुतता स्पष्ट होत असेल तरच करावा. आपल्याकडे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेने कमीपणा येईल अशा रीतीने जातीचा उल्लेख टाळायला सांगितले आहे. जात जन्माने चिकटते आणि तिच्यावरून गुन्ह्याचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे, हे आपण तत्त्वतः तरी मान्य केले. दत्तक असणेही माणसाने स्वतः निवडलेले नसते. तोच न्याय इथेही लागू व्हायला हवा.

पुढच्या लेखांत बातमीदार आहेत, वकील आहेत, दत्तक पालक आहेत आणि स्वतः दत्तक असलेली माणसे आहेत. त्यांचे सगळे मुद्दे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जुळावेत असा प्रयत्नही केलेला नाही. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत आहे: दत्तक असणे लपवायचे नाही. आज पालक मुलांना लहानपणापासून ते मोकळेपणाने सांगतात, वाढदिवसासोबत घरी आल्याचा दिवसही साजरा करतात. ज्या शब्दावर घरात एवढे प्रेम जडते, तो वृत्तपत्रात मुख्यतः खून-मारामारीच्या पानावर भेटतो. मुलांपुढे हा विरोधाभास कसा मांडायचा, हा त्या पालकांचा रोजचा प्रश्न आहे. शाळेत दुसऱ्या मुलाने ती बातमी दाखवून ‘तूही तसाच का?’ असे विचारले, तर काय उत्तर द्यायचे हे नऊ वर्षांच्या मुलाला शिकवावे लागू नये.

म्हणून मागणी साधी आहे. बातमी लिहिणाऱ्याने दत्तक आहे हे कुणी सांगितले आणि ते कायदेशीर आहे का, हे तपासावे. मथळा देणाऱ्याने त्या जागी ‘पोटचा’ हा शब्द घालून पाहावा, आणि तो निरर्थक वाटला तर ‘दत्तक’ही काढावा. अर्भकाच्या बातमीतून आईबद्दलची विशेषणे गाळून सोपवण्याचा कायदेशीर मार्ग छापावा. आणि वाचकाने, तो शब्द दिसला की, हे इथे मला कशाचे कारण म्हणून दिले जात आहे आणि त्याचा पुरावा कुठे आहे, असे विचारावे. पुरावा नसेल तर ते कारण स्वीकारू नये. एवढे झाले तरी दत्तक माणूस गुन्ह्याच्या बातमीत इतर कोणत्याही आरोपीसारखा, साक्षीदारासारखा किंवा पीडितासारखा येईल, आणि त्याने केलेल्या कृत्यापुरताच त्याला जाब विचारला जाईल.